कॅनडात कॉलेजला जाणाऱ्या अपंग मुलांसाठीची ग्रँट: फॉर्मवर आजाराचे नाव पुरत नाही, अडचण लिहावी लागते

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तीन वर्षांपूर्वी पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, घेऊन तुम्ही ऑन्टारियोत आलात. मुलगा अठरा वर्षांचा, यंदा बारावीत. चौथ्या वर्षी मेंदूज्वर झाला, तेव्हापासून दोन्ही कानांनी कमी ऐकू येते आणि तो मशीन वापरतो. सप्टेंबरपासून तीन वर्षांच्या डिप्लोमाला प्रवेश मिळाला आहे. शाळेतल्या समुपदेशक बाई ‘परमनंट डिसॅबिलिटी ग्रँट’बद्दल बोलल्या आणि घरात दोन तट पडले. तुम्हाला अर्ज करायचा आहे. मिस्टर म्हणतात, आपला पगार बरा आहे, आपल्याला काही मिळणार नाही, आणि पोराच्या कपाळावर शिक्का कशाला मारून घ्यायचा. पैसे परत करावे लागतात का, नागरिकत्वाला अडचण येईल का, पुण्याहून आणलेले अपंगत्वाचे प्रमाणपत्र चालेल का, असे तुम्ही विचारले आहे. आणि जाता जाता, स्टडी परमिटवर आलेल्या भाच्याला हे मिळेल का, हेही.

मी ऑन्टारियोतल्या एका कॉलेजच्या ॲक्सेसिबिलिटी ऑफिसात, म्हणजे अपंग विद्यार्थ्यांच्या सोयी बघणाऱ्या ऑफिसात, चौदा वर्षे काम करते. आधी सरळ उत्तरे देते. अर्ज करा, आणि याच महिन्यात तयारीला लागा. ग्रँट परत करावी लागत नाही. नागरिकत्वाच्या अर्जात इथे किती दिवस राहिलात, टॅक्स भरलात का, भाषा येते का, परीक्षा पास झालात का हे बघतात. मुलाने शिक्षणाची ग्रँट घेतली की नाही, याचा तिथे संबंधच नाही. पुण्याचे प्रमाणपत्र इथे चालणार नाही, पण ते फाइलमध्ये जपून ठेवा, त्याचा उपयोग पुढे सांगते. भाच्याला ही ग्रँट मिळणार नाही.

आता नावाचा गोंधळ. समुपदेशक बाईंनी सांगितलेले नाव जुने आहे. १ ऑगस्ट २०२२ पर्यंत ही केंद्र सरकारची ग्रँट फक्त कायमस्वरूपी अपंगत्व असलेल्यांसाठी होती. त्या तारखेपासून दीर्घकाळ टिकणारे, म्हणजे किमान बारा महिने राहणारे किंवा राहण्याची शक्यता असलेले अपंगत्वही त्यात धरू लागले आणि नावातला ‘परमनंट’ गेला. या बदलाची आम्ही ऑफिसात फार वाट पाहिली होती. कॅन्सरचे उपचार चालू असलेली, अपघातानंतर उभी राहू पाहणारी, तीव्र नैराश्यातून जाणारी मुले आमच्यासमोर बसायची आणि ‘आयुष्यभर राहील असे डॉक्टर लिहून देतील का?’ या एका ओळीवर सगळे अडायचे. तुमच्या मुलाचे मात्र जुन्या व्याख्येतही बसणारे आहे. त्याचा फायदा असा की कायमस्वरूपी अपंगत्वाचा पुरावा एकदा मान्य झाला की दरवर्षी नव्याने द्यावा लागत नाही. अर्ज मात्र दरवर्षी करायचा आणि त्यातला अपंगत्वाचा प्रश्न दरवर्षी ‘होय’ भरायचा. पहिल्या वर्षी सगळे नीट केलेली मुले दुसऱ्या वर्षी ती खूण करायला विसरतात आणि ऑक्टोबरात विचारायला येतात की या वर्षी पैसे कमी का आले.

पैसे कुठून कुठून येतात ते बघू. पहिली ठोक रकमेची ग्रँट. २०२३-२४ पासून ती वर्षाला २,८०० डॉलर झाली. त्याआधी कोविडच्या तीन वर्षांत ४,००० होती, आणि त्याहीआधी २,०००. आकडा असा खालीवर होत आला आहे, म्हणून मुलगा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला जाईल तेव्हा त्या वर्षाचा आकडा पुन्हा बघा. या पैशाचा हिशेब द्यावा लागत नाही. फी, भाडे, मशीनच्या बॅटऱ्या, बसचा पास, कशालाही वापरा. दुसरी ग्रँट सेवा आणि साधनांसाठीची. तिची कमाल मर्यादा वर्षाला २०,००० डॉलर. काही वर्षांपूर्वीपर्यंत ती ८,००० होती. ही खर्चाला बांधलेली असते: कशासाठी हवे ते आधी मंजूर करून घ्यायचे, नंतर पावत्या द्यायच्या. तिसरी ऑन्टारियोची स्वतःची बर्सरी, म्हणजे विद्यार्थ्याला मिळणारी आर्थिक मदत, २,००० डॉलरपर्यंत. तिचा आणि दुसऱ्या ग्रँटचा फॉर्म एकच असतो आणि तो कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसातून जातो. याशिवाय उत्पन्नावर ठरणारी, सगळ्याच विद्यार्थ्यांसाठीची साधी ग्रँट वेगळी. या सगळ्यांची सुरुवात एकाच अर्जाने होते. ऑन्टारियोत त्याला ओसॅप म्हणतात. दुसऱ्या प्रांतात राहणाऱ्यांनी आपापल्या प्रांताच्या स्टुडंट एड ऑफिसकडे अर्ज करायचा. प्रांत कोणता धरायचा, तर कॉलेज जिथे आहे तो नव्हे. पूर्णवेळ कॉलेज न करता सलग बारा महिने शेवटी जिथे राहिलात तो. क्वेबेक, नुनावुट आणि नॉर्थवेस्ट टेरिटरीज यांच्या योजना वेगळ्या आहेत, तिथल्या लोकांनी माझे आकडे धरून चालू नये.

तुमच्या मिस्टरांचा पहिला मुद्दा, ‘आपल्याला मिळणार नाही’, हा मी मराठी, गुजराती, पंजाबी, सगळ्या घरांतून ऐकते, आणि याच एका समजुतीपायी कितीतरी मुलांचे पैसे बुडालेले पाहिले आहेत. २,८०० डॉलरची ग्रँट तुमचा पगार वाढला म्हणून थोडी थोडी कमी होत जात नाही. अट एवढीच आहे की हिशेबात मुलाची आर्थिक गरज किमान एक डॉलर निघाली पाहिजे. एक डॉलर. शिक्षणाचा मान्य खर्च एका बाजूला, घरातून आणि मुलाकडून अपेक्षित रक्कम दुसऱ्या बाजूला. वजाबाकी करून एक डॉलरही उरला तर पूर्ण ग्रँट, आणि दुसऱ्या ग्रँटचा दरवाजाही उघडतो. मुलगा नुकताच शाळेतून बाहेर पडत असल्याने पालकांचे उत्पन्न धरले जाईल, हे खरे. पण त्याच हिशेबात विद्यार्थ्याने स्वतः भरायची म्हणून जी ठरावीक रक्कम धरतात, ती अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना माफ आहे. त्यामुळे घरी बसून अंदाजाने ‘आपण बसत नाही’ म्हणू नका. अर्जाला पैसे पडत नाहीत. आकडे टाका आणि उत्तर येऊ द्या.

कर्जाची भीती असेल तर तीही बाजूला ठेवा. ओसॅपच्या अर्जात ‘मला फक्त ग्रँट हवी, कर्ज नको’ असे सांगता येते. करारावर सही मात्र तरीही करावी लागते. त्याचे नाव मास्टर स्टुडंट फायनान्शियल असिस्टन्स ॲग्रीमेंट. नावात कर्जाची छाया आहे म्हणून काही वडील तिथेच थांबवतात आणि ग्रँटही अडकून पडते. ग्रँट घ्यायची तरी तो करार लागतो, एवढे त्यांना सांगा.

परत करावी लागत नाही म्हटले, त्याला एक अपवाद आहे. मुलाने वर्ग सुरू झाल्यावर पहिल्या तीस दिवसांत शिक्षण सोडले तर ग्रँटचे कर्जात रूपांतर होऊ शकते. म्हणून पहिल्या महिन्यात जमत नाही असे वाटले तर आधी कॉलेजच्या ऑफिसात या, मग नाव काढायचे की विषय कमी करायचे ते ठरवू.

आता खरी मेख, म्हणजे अपंगत्वाचा पुरावा. इथेच मला सगळ्यात जास्त सांगायचे आहे.

आपल्याकडे अपंगत्व टक्क्यांत मोजायची सवय आहे. सिव्हिल हॉस्पिटलच्या बोर्डासमोर बसायचे, टक्के ठरतात, चाळीसच्या वर असतील तर सवलत. त्यामुळे तिकडून आलेले पालक माझ्यासमोर प्रमाणपत्र ठेवतात आणि अभिमानाने नव्हे, पण खात्रीने म्हणतात, ‘याला बासष्ट टक्के आहे.’ इथे त्या टक्क्यांना कुणी विचारत नाही. इथली व्याख्या निराळी आहे: शारीरिक किंवा मानसिक दोषामुळे रोजच्या कामांवर अशी मर्यादा यायला हवी, जी शिक्षणात किंवा नोकरीत आड येते. म्हणजे कान किती टक्के गेला हा प्रश्न नाही. कान गेल्यामुळे वर्गात काय होत नाही, हा प्रश्न आहे. आणि हे इथे परवाना असलेल्या तज्ज्ञाने लिहून द्यावे लागते. तुमच्या बाबतीत ऑडिओलॉजिस्ट (ऐकण्याची तपासणी करणारे तज्ज्ञ) किंवा कान-नाक-घशाचे, म्हणजे ईएनटी, डॉक्टर. पुण्याचे जुने ऑडिओग्रॅम आणि मेंदूज्वराच्या वेळचे कागद त्यांच्यासमोर ठेवा. दोष जुना आहे, वाढला की तसाच राहिला, हे त्यांना त्यावरून लिहिता येते. त्यासाठीच जपून ठेवा म्हटले.

डॉक्टर चुकीचे लिहीत नाहीत, पण अपुरे लिहितात. माझ्याकडे आलेल्या फॉर्मांमध्ये निम्म्यांवर रकान्यात नुसते निदान असते. ‘दोन्ही कानांत सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस, हिअरिंग एड वापरतो.’ संपले. हे वाचणारा अधिकारी काय विचार करतो? मशीन आहे, म्हणजे ऐकू येते. फॉर्म परत येतो, तोवर सप्टेंबर उजाडलेला असतो, डॉक्टरांची पुढची वेळ नोव्हेंबरची.

एका विद्यार्थ्याचा असाच फॉर्म परत आला होता. तुमच्या मुलासारखाच दोष. मी त्याला समोर बसवले आणि विचारले, काल सकाळच्या पहिल्या तासाला काय काय झाले ते सांग. तो म्हणाला, सर फळ्याकडे वळले की ओठ दिसत नाहीत, तेवढे वाक्य जाते. मागे एअरकंडिशनर चालू असतो, मशीन त्याचाच आवाज मोठा करते. ओठांकडे बघायचे तर वहीत लिहिता येत नाही, वहीत लिहिले तर ओठ सुटतात. कुणी मागच्या बाकावरून प्रश्न विचारला तर उत्तर ऐकू येते, प्रश्न येत नाही. चौघांच्या गटात सगळे एकदम बोलले की तो हसून मान हलवतो. आणि दुपारी दोननंतर डोके इतके दुखते की घरी जाऊन मशीन काढून अंधारात पडून राहतो. हे सगळे त्याने पंधरा मिनिटांत सांगितले. आम्ही ते एका कागदावर उतरवले, तो कागद घेऊन तो डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी तोच फॉर्म पुन्हा भरला: गोंगाटात बोलणे समजत नाही, ओठ वाचताना टिपणे काढता येत नाहीत, गटचर्चेत भाग घेता येत नाही, ऐकण्याच्या ताणाने थकवा येतो, दोष कायमस्वरूपी. दुसऱ्यांदा कुणी काही विचारले नाही. शिवाय त्या एकेका वाक्यातून त्याची साधने ठरली. टिपणे काढता येत नाहीत, म्हणून टिपणे घेणारा. गोंगाट, म्हणून शिक्षकाच्या कॉलरला लावायचा रिमोट मायक्रोफोन. फॉर्मवर अडचणच लिहिलेली नसेल तर उपाय कशाच्या आधारावर मागणार?

डॉक्टर फॉर्म भरायचे पैसे घेतात आणि ते ओहिपमधून, म्हणजे ऑन्टारियोच्या सरकारी आरोग्य विम्यातून, मिळत नाहीत, याची तयारी ठेवा. आणि शाळेतला आयईपी, म्हणजे मुलाला लागणाऱ्या सोयींचा शाळेने केलेला आराखडा, इथे पुरेसा आहे असे समजू नका. तो शाळेपुरता. बारावी संपली की त्याची मुदत संपली. मुलाला काय काय लागत होते याचा दाखला म्हणून सोबत जोडा, एवढेच.

वाचणाऱ्यांत ज्यांच्या मुलांना डिस्लेक्सियासारखी शिकण्यातली अडचण आहे, त्यांच्यासाठी थोडे विषयांतर करते. तिथे पुरावा म्हणून सायको-एज्युकेशनल असेसमेंट, म्हणजे मूल कसे शिकते याची मानसशास्त्रीय तपासणी, लागते, आणि ती सहसा पाच वर्षांच्या आतली किंवा मूल अठरा वर्षांचे झाल्यावर केलेली मागतात. चौथीत केलेला रिपोर्ट बहुधा चालणार नाही. खासगीत याला हजारो डॉलर पडतात. पण असेसमेंटमध्ये अडचण निश्चित झाली आणि ती तपासणी शिक्षण सुरू होण्याच्या सहा महिन्यांहून आधी केलेली नसेल, तर साधनांच्या ग्रँटमधून खर्चाचा ७५ टक्के भाग, जास्तीत जास्त ३,५०० डॉलर, परत मिळू शकतो. त्यामुळे असेसमेंटची तारीख घेण्याआधी कॉलेजच्या ऑफिसशी बोला. घाईने जानेवारीत करून बसलेल्या आईला जूनमध्ये ‘आता परतावा नाही’ सांगणे मला फार जड जाते.

२०,००० डॉलरच्या ग्रँटबद्दल ऐकले की लोकांचे डोळे विस्फारतात. ही मर्यादा आहे, देणगी नाही. सांकेतिक भाषेचे दुभाषी किंवा ब्रेलची साधने लागणाऱ्या विद्यार्थ्याचा खर्च तिथवर जातो. तुमच्या मुलाचा बहुधा बराच कमी होईल. आणि एक फरक नीट समजून घ्या. वर्गात समान संधी मिळावी म्हणून लागणारी सोय करून देणे हे मानवाधिकार कायद्याने कॉलेजचे कर्तव्य आहे. परीक्षेला जास्त वेळ, शांत खोली, व्हिडिओला कॅप्शन, पुढच्या रांगेतली जागा, हे ग्रँटचे पैसे खर्चून विकत घ्यायचे नसते. ते मागायचे असते. ग्रँट लागते ती मुलाच्या स्वतःच्या वापराच्या वस्तू आणि सेवांसाठी: रिमोट मायक्रोफोन, बोलणे लगेच अक्षरांत उतरवणारे सॉफ्टवेअर, चुकलेले तास भरून काढणारा ट्यूटर. टिपणे घेणाऱ्याचे पैसे कुठे कॉलेज देते, कुठे ग्रँटमधून जातात. तुमच्या कॉलेजला विचारा. मशीनसाठी मात्र आधी ऑन्टारियोच्या असिस्टिव्ह डिव्हायसेस प्रोग्रॅमकडे जा. ते ठरावीक मर्यादेपर्यंत किमतीचा ७५ टक्के भाग उचलतात. एका योजनेतून मिळणाऱ्या गोष्टीसाठी दुसरीत अर्ज केला की दोन्हीकडे प्रश्न विचारले जातात.

पावत्यांचे सांगते. मंजूर झालेल्या वस्तूसाठीच खर्च करायचा, पावती ठेवायची, आणि उरलेले पैसे परत करायचे. मायक्रोफोनसाठी मिळालेल्या पैशात नवा फोन घेतला तर तो पैसा वसूल होतो आणि पुढच्या वर्षीचा अर्ज अडतो. ट्यूटरच्या बाबतीत तर पावती पहिल्या दिवसापासून घ्या. तारीख, किती तास, ताशी किती, सही. ओळखीतला ट्यूटर असला की आपली माणसे रोख देतात आणि कागद मागायला संकोचतात, मग एप्रिलमध्ये शोधाशोध. घरी एक पाकीट करा, आली पावती की त्यात, आणि फोनवर तिचा फोटो. उन्हात कागदावरची शाई उडते.

आता दुसरे ‘चाळीस टक्के’. मघाशी म्हटले तो अपंगत्वाचा टक्का नव्हे. इथे पूर्णवेळ विद्यार्थी म्हणवण्यासाठी साधारणपणे पूर्ण अभ्यासक्रमाच्या किमान ६० टक्के विषय घ्यावे लागतात. अपंगत्व मान्य झालेल्या विद्यार्थ्याला ४० टक्के घेऊनही पूर्णवेळ धरतात. म्हणजे सत्राला पाच विषय असतील तर इतरांना तीन घ्यावे लागतात, तुमच्या मुलाला दोनही चालतील, आणि पूर्णवेळ विद्यार्थ्याची मदत सुरू राहील. माझ्याकडे संधिवात असलेली एक मुलगी होती. हिवाळ्यात तिची बोटे सकाळी अकरापर्यंत उघडायची नाहीत. पहिल्या सत्रात पाच विषय घेऊन तिने तीन गमावले आणि घरच्यांनी ‘झेपत नाही तर सोड’ म्हटले. दुसऱ्या सत्रापासून दोन-दोन, तीन-तीन घेतले, सगळे दुपारच्या तासांचे. डिप्लोमाला तीनऐवजी पाच वर्षे लागली, पण तो मिळाला. वर्षे वाढली म्हणून मदत आटत नाही, कारण इतरांना साधारणपणे आयुष्यात ३४० आठवडे मिळते ती मदत अपंगत्व असलेल्यांना ५२० आठवड्यांपर्यंत मिळते. तुमच्या मुलाने पाचही विषय घ्यावेत की नाही, हे आता ठरवू नका. पहिल्या सत्रात चार घेऊन बघा असे मी सुचवेन, कारण ऐकण्याचा थकवा हा शाळेत तितका कळत नाही. शाळेचा वर्ग लहान असतो, शिक्षक ओळखीचे असतात. विषय कमी केल्यावर फी त्या प्रमाणात कमी होते की तेवढीच राहते, हे कॉलेजागणिक बदलते, तेवढे आधी विचारा.

पैसे हातात केव्हा येतात? सहसा वर्षाचे दोन भाग होतात, एक सप्टेंबरात, एक जानेवारीत. आणि कॉलेज आधी आपली फी त्यातून वळती करून घेते. त्यामुळे ‘ग्रँट मंजूर झाली पण खात्यात काहीच नाही’ असे झाले तर घाबरू नका, कॉलेजच्या फीच्या खात्यात बघा. पुढे फेब्रुवारीच्या सुमारास टी४ए नावाचा टॅक्सचा कागद येईल. पूर्णवेळ शिकणाऱ्यावर सहसा या ग्रँटचा टॅक्स बसत नाही, पण कागद आला की रिटर्नमध्ये दाखवायचा. आणि डिसॅबिलिटी टॅक्स क्रेडिट, म्हणजे अपंगत्वामुळे मिळणारी टॅक्समधली सवलत, ही संपूर्ण वेगळी गोष्ट आहे: तिचा फॉर्म वेगळा, व्याख्या वेगळी, ऑफिस वेगळे. तिच्यासाठी जरूर अर्ज करा, पण त्यामुळे कॉलेजची ग्रँट आपोआप मिळेल असे समजू नका.

कर्ज घ्यावेच लागले तर? थोडक्यात सांगते. केंद्राच्या विद्यार्थी कर्जावर १ एप्रिल २०२३ पासून व्याज लागत नाही. प्रांताच्या वाट्याचे नियम वेगळे असतात. शिक्षणानंतर उत्पन्न कमी असेल तर हप्ता कमी किंवा शून्य करून मिळतो, आणि अपंगत्व असलेल्या कर्जदारांसाठी या योजनेचा वेगळा प्रकार आहे, ज्यात अपंगत्वावरचा खर्चही विचारात घेतात आणि कर्ज दहा वर्षांत निकाली निघावे अशी रचना असते. अतितीव्र आणि कायमचे अपंगत्व असेल तर कर्ज माफही होते. पण ती माफी घेतली की पुढे पुन्हा शिकायचे म्हटले तर हा मार्ग बंद होतो, म्हणून तो अर्ज कधीच घाईने करू नये.

भाच्याचे. ही ग्रँट नागरिक, पीआर आणि संरक्षित व्यक्ती (म्हणजे आश्रय मंजूर झालेले निर्वासित) यांच्यासाठी आहे, स्टडी परमिटवाल्यांसाठी नाही. पण वर सांगितलेल्या सोयी, म्हणजे परीक्षेचा जास्त वेळ, टिपणे, कॅप्शन, या नागरिकत्वावर अवलंबून नाहीत. तो कॉलेजचा विद्यार्थी आहे, एवढे पुरे. बाहेरून आलेली मुले व्हिसाला धोका होईल या भीतीने आमच्या ऑफिसचा उंबरा ओलांडत नाहीत आणि एकटीच कुढत राहतात. त्याला अगदी पहिल्या आठवड्यात ॲक्सेसिबिलिटी ऑफिसात पाठवा. कॉलेजच्या स्वतःच्या काही बर्सरी परदेशी विद्यार्थ्यांनाही खुल्या असतात, तेही तिथेच विचारू दे.

आणि मिस्टरांचा दुसरा मुद्दा, शिक्क्याचा. हा मी हलक्यावर घेत नाही. लहानपणापासून ‘मशीनवाला’ म्हणून चिडवले गेलेल्या मुलाच्या बापाला असे वाटणे साहजिक आहे. त्यांना एवढे सांगा की या सगळ्याची नोंद मार्कशीटवर येत नाही, पदविकेवर येत नाही. शिक्षकांना निदान कळवले जात नाही. त्यांना फक्त एवढे पत्र जाते की या विद्यार्थ्याला अमुक सोयी द्याव्यात. पुढे नोकरी देणाऱ्याला ओसॅपची फाइल दिसत नाही. मुलगा अठरा वर्षांचा आहे, म्हणजे आता फाइलवर सही त्याची, आणि त्याच्या लेखी परवानगीशिवाय आम्ही तुमच्याशीही बोलू शकत नाही. आया फोन करतात, मी ‘सांगता येणार नाही’ म्हणते, त्यांना राग येतो. म्हणून पहिल्या भेटीला त्याच्यासोबत या, त्याची इच्छा असेल तर परवानगीचा फॉर्म तिथेच भरा.

तारखांचे. नियमाने ओसॅपचा अर्ज शिक्षणाचे सत्र संपण्याच्या ६० दिवस आधीपर्यंत आणि सोबतचे कागद ४० दिवस आधीपर्यंत चालतात. त्या तारखांवर विसंबू नका. तेवढे थांबलात तर मायक्रोफोन येईल तेव्हा वर्ष संपत आलेले असेल. अर्ज खुला झाला की लगेच भरा, अपंगत्वाचा फॉर्म जूनच्या आत द्या, आणि जुलैत कॉलेजच्या ॲक्सेसिबिलिटी ऑफिसात भेट घ्या. जुलैत आमच्याकडे वेळ असतो, नीट तासभर बसता येते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दाराबाहेर रांग असते आणि एकेकाला वीस मिनिटे मिळतात.

सगळ्यात आधी ऑडिओलॉजिस्टची वेळ घ्या, कारण तीच उशिरा मिळते. आणि त्या भेटीला जाण्याआधी मुलाला एक कागद द्या. शाळेतला कालचा दिवस, पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत: काय ऐकू आले नाही, कुठे अंदाजाने मान हलवली, कधी थकवा आला. तुम्ही शेजारी बसून सांगू नका, त्याचा त्याला लिहू द्या. तुम्हाला माहीत नसलेल्या दोन-तीन गोष्टी त्यात नक्की निघतील. मराठीत लिहिले तरी चालेल, इंग्रजी तुम्ही दोघे मिळून करा. तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या आणि भरलेल्या फॉर्मची एक प्रत घरी ठेवा.